अपघाताची साखळी

(भाडे घेऊन दुचाकीवरून प्रवासी नेण्याचा व्यवसाय अलीकडे शहरांत वाढला आहे. हा व्यवसाय करणाऱ्या चालकांना अपघात का होतात, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे. अपघात म्हणजे दैवाचा घाला, ही समजूत कितपत खरी आहे, हे पाठ वाचताना पडताळून पाहा.)

मुंबईच्या उत्तर सीमेला लागून मीरा-भाईंदर हे नगर वसले आहे. एकेकाळी येथे खाडीकाठची मिठागरे, भातशेती आणि लहान लहान गावे होती. आज त्याच भूमीवर उंच इमारतींच्या वसाहती उभ्या आहेत. २००२ साली येथे महानगरपालिका स्थापन झाली आणि २०११ च्या जनगणनेत नगराची लोकसंख्या आठ लाखांच्या वर भरली. मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेस असलेली पूनम सागर ही अशीच एक गजबजलेली वसाहत होय. येथील असंख्य माणसे रोज सकाळी लोकल गाडीने मुंबईस कामाला जातात आणि दिवेलागणीनंतर थकून भागून परत येतात.

घरापासून स्थानक चालत जाण्यास दूर वाटते, आणि बसची वाट पाहत उभे राहावे इतके ते लांबही नसते, अशी या भागातील पुष्कळांची स्थिती आहे. ही अडचण शेअर रिक्षा बऱ्याच अंशी भागवितात. परंतु गर्दीच्या वेळी रिक्षाच्या रांगेत ताटकळावे लागते. अशा वेळी भ्रमणध्वनीवर दोन-चार वेळा बोट फिरविले, की एक मोटारसायकलस्वार समोर येऊन उभा राहतो. त्याच्या पाठीमागे बसावे, वाहनांच्या गर्दीतून वाट काढीत घर गाठावे आणि मोजके भाडे द्यावे. यालाच लोक बाइक टॅक्सी म्हणतात.

हा व्यवसाय जगाला नवा नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात मोटारसायकलवरून प्रवासी नेणाऱ्यास ‘पायलट’ म्हणतात आणि कित्येक वर्षांपासून पणजी, मडगाव, म्हापसा या गावी त्यांचे थांबे आहेत. आफ्रिकेत केनिया व युगांडा या देशांच्या सीमेवर प्रवाशांना एका चौकीपासून दुसऱ्या चौकीपर्यंत नेणारे चालक ‘बॉर्डर, बॉर्डर’ असे ओरडत. त्यावरून तेथे या वाहनास ‘बोडा-बोडा’ हे नाव पडले. नायजेरियात याच वाहनास ‘ओकाडा’ म्हणतात. ओकाडा हे तेथील एका विमान कंपनीचे नाव होते. वाहनांच्या कोंडीतून मोटारसायकल जणू विमानासारखी निघून जाते, म्हणून लोकांनी थट्टेने तिला ते नाव दिले. या व्यवसायाचा मोह आणि त्याचा धोका, दोन्ही त्या एका नावात साठविलेले आहेत.

आता एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. हा प्रसंग कल्पित आहे; परंतु त्यातील एकही गोष्ट अशी नाही, की जी आपल्या रस्त्यांवर रोज घडत नाही.

जुलै महिन्यातील संध्याकाळ आहे. पावसाची सर नुकतीच ओसरली आहे. स्थानकाबाहेर एक बाई हातात पिशवी घेऊन घाईघाईने येतात. त्यांचा मुलगा घरी एकटा आहे. मोटारसायकलवाला तरुण जेमतेम बावीस वर्षांचा आहे. सकाळी एका गोदामात काम करून तो दुपारपासून या कामावर आला आहे. त्याने पुढे केलेले शिरस्त्राण पाहून बाई म्हणतात, “एवढ्याशा अंतराला ते कशाला, दादा? तुम्ही जरा लवकर चला.” तरुण काही बोलत नाही. शिरस्त्राण हँडलला अडकविले जाते आणि गाडी निघते. थोडे अंतर गेल्यावर हँडलवर बसविलेला भ्रमणध्वनी किणकिणतो. पुढचे भाडे आलेले असते. तरुणाची नजर क्षणभर खाली वळते. तेवढ्यात पुढची रिक्षा प्रवाशास उतरविण्यासाठी एकाएकी थांबते. तरुण करकचून ब्रेक दाबतो. ओल्या, गुळगुळीत झालेल्या पेव्हर ब्लॉकवरून मागचे चाक सरकते आणि दोघेही रस्त्यावर आदळतात. तरुणाचे मनगट मोडते. बाईंचे डोके दुभाजकाच्या कडेवर आपटते.

दुसऱ्या दिवशी या अपघाताची नोंद होते. कारण म्हणून एकच शब्द लिहिला जातो : ‘अतिवेग’.

हा शब्द खोटा नाही. देशातील अपघातांची जी अधिकृत नोंद दरवर्षी प्रसिद्ध होते, तीतही सर्वांत मोठे कारण म्हणून अतिवेगाचेच नाव येते. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. म्हणजे दररोज सरासरी सुमारे ४६२ माणसे. यांपैकी दहांतील सात मृत्यू अतिवेगाच्या नावे नोंदले गेले. परंतु ‘अतिवेग’ हे उत्तर मिळाले, की आपला प्रश्न संपला असे आपण मानतो. वस्तुतः खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो. वेग अधिक का होता? आणि वेग अधिक असला, तरी तेवढ्याने मस्तक का फुटावे?

प्रथम वेगाचाच विचार करू. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. समोर संकट दिसणे, मेंदूने ते ओळखणे आणि हाताने ब्रेक दाबणे यांत सुमारे एक सेकंद निघून जातो. तेवढ्या अवधीत गाडीचा वेग मुळीच कमी झालेला नसतो. ब्रेक लागल्यानंतरही गाडी काही अंतर पुढे जातेच. वेग दुप्पट झाला, तर हे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. ओल्या रस्त्यावर ढोबळ मानाने हिशेब केला, तर ताशी ३० किलोमीटर वेगाची दुचाकी संकट दिसल्यापासून सुमारे २० मीटरवर थांबेल, आणि ४० किलोमीटर वेगाची दुचाकी सुमारे ३२ मीटरवर. म्हणजे वेगात वाढ केवळ दहाची; परंतु थांबावयास बारा मीटर अधिक लागले. चार रिक्षा एकामागे एक उभ्या केल्या, तर त्या जवळजवळ एवढीच जागा व्यापतील. त्यातच दोन सेकंद भ्रमणध्वनीकडे पाहिले, तर ४० च्या वेगाने गाडी २२ मीटर अंतर जणू डोळे मिटून चालली, असे म्हणावे लागेल.

मग चालक घाई का करतो? त्यास जीव प्रिय नसतो काय? तसे मुळीच नाही. त्याची घाई समजून घ्यावयाची असेल, तर त्याच्या खिशाचा हिशेब पाहिला पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई महानगर प्रदेशातील बाइक टॅक्सीसाठी दर ठरविण्यात आले. पहिल्या दीड किलोमीटरास १५ रुपये आणि पुढे दर किलोमीटरास १० रुपये २७ पैसे असे ते होते. त्या दराने दोन किलोमीटरच्या फेरीचे भाडे सुमारे २० रुपये होते. एखाद्या चालकाने अशाच लहान फेऱ्या करून दिवसाकाठी एक हजार रुपयांचा धंदा करावयाचे मनात आणले, तर त्यास पन्नास फेऱ्या कराव्या लागतील. दोन फेऱ्यांच्या मधे रिकामे जावे लागते, त्याचे भाडे कोणी देत नाही. हाती आलेल्या रकमेतून सेवा पुरविणाऱ्या कंपनीचा वाटा, इंधनाचा अथवा विजेचा खर्च, गाडीची दुरुस्ती आणि कर्जाचा हप्ता वजा जातो. अशा स्थितीत मिनिट म्हणजे पैसा, हे त्यास कोणी शिकवावे लागत नाही.

परंतु येथे एक फसवा हिशेब दडलेला आहे. दोन किलोमीटर अंतर ताशी ३० किलोमीटर वेगाने चार मिनिटांत तोडता येते आणि ४० किलोमीटर वेगाने तीन मिनिटांत. म्हणजे सारा धोका पत्करून वाचते ते एक मिनिट. आणि पुढच्या चौकात लाल दिवा लागला, की तेही हातचे जाते. डोंगराळ रस्त्यांवर ‘अति घाई, संकटात नेई’ अशा पाट्या आपण वाचतो. घाटाइतकीच ती पाटी पूनम सागरच्या सपाट रस्त्यासही लागू आहे.

घाईच्या पाठोपाठ येतो तो थकवा. पुष्कळ चालकांना हे एकच काम नसते. कोणी सकाळी अन्य नोकरी करून संध्याकाळी गाडीवर येतो, कोणी शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी रात्री उशिरापर्यंत फेऱ्या मारतो. थकलेल्या मनुष्याचे डोळे उघडे असतात. परंतु समोर दिसले ते ओळखण्यास त्याच्या मेंदूला अधिक वेळ लागतो. वर सांगितलेला एक सेकंद मग दीड सेकंद होतो. केंद्र सरकारने २०२० साली अशा सेवांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. चालकाने दिवसात बारा तासांहून अधिक काम करू नये आणि त्यानंतर दहा तास विश्रांती घ्यावी, असे त्यांत सांगितले होते. परंतु जो चालक एका कंपनीचे काम थांबवून दुसऱ्या कंपनीचे सुरू करतो, किंवा गोदामातून थेट रस्त्यावर येतो, त्याच्या थकव्याची बेरीज कोण करणार?

तिसरे कारण रस्ता. चारचाकी गाडीचे एक चाक खड्ड्यात गेले, तर प्रवाशांना धक्का बसतो. दुचाकीचे गेले, तर तिचा तोलच जातो. पावसाळ्यात डबक्याखाली खड्डा किती खोल आहे, हे कळत नाही. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ यांचा चिखल होऊन रस्ता निसरडा बनतो. ओले झालेले पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे आणि झिजलेले पेव्हर ब्लॉक यांवरून चाक सहज सरकते. दहिसरहून मीरा-भाईंदरकडे येणाऱ्या मेट्रोच्या नवव्या मार्गिकेचे काम चालू असलेल्या वर्षांत भर रस्त्यात पत्र्याची कुंपणे उभी राहिली आणि वाहनांना जागा अपुरी पडू लागली. नगर वाढत असता बांधकामे होणारच. परंतु बांधकामाच्या जागी पुरेसा उजेड, स्पष्ट फलक आणि सपाट वाट ठेवणे हेही त्या बांधकामाचेच अंग समजले पाहिजे.

चौथे कारण इतर वाहने आणि पादचारी. काशीमिऱ्याच्या नाक्यावर अहमदाबादकडील महामार्ग आणि नगरातील रस्ते एकत्र येतात. जवळूनच ठाण्याकडे जाणारा घोडबंदर मार्ग फुटतो. तेथे मालमोटारींची मोठी वर्दळ असते. मालमोटारीच्या चालकास त्याच्या अगदी पुढची, डाव्या बाजूची आणि लगत मागची जागा दिसत नाही. दुचाकीस्वार मात्र नेमका त्या न दिसणाऱ्या जागेतून पुढे सरकू पाहतो. वाटेत थांबणारी रिक्षा, एकाएकी उघडलेले मोटारीचे दार, उलट्या दिशेने येणारे वाहन आणि पदपथ अडल्यामुळे रस्त्यावरून चालणारी माणसे यांची भर त्यात पडते. विजेवर चालणाऱ्या दुचाकीचा आवाज फारसा होत नाही. म्हणून ती जवळ आली, तरी पादचाऱ्याला चाहूल लागत नाही.

पाचवे कारण वाहन आणि त्यावरील भार. दिवसभर धावणाऱ्या गाडीचे टायर आणि ब्रेक लवकर झिजतात. दुरुस्तीस एक दिवस दिला, तर त्या दिवसाची कमाई बुडते. म्हणून दुरुस्ती उद्यावर ढकलली जाते. शिवाय पाठीमागे माणूस बसला, की भार मागच्या चाकाकडे सरकतो, पुढचे चाक हलके होते आणि वळण घेताना तोल निराळ्या रीतीने सांभाळावा लागतो. चालकाला दर काही मिनिटांनी नवा प्रवासी मिळतो. कोणी जड, कोणी हलका, कोणी वळणावर उलट्या बाजूस झुकणारा. मोटारसायकलला पाठीमागच्या प्रवाशासाठी धरावयाची मूठ, पाय ठेवण्याची जागा आणि चाकाचा निम्मा भाग झाकणारे आवरण असले पाहिजे, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच सांगितले आहे. साडीचा पदर किंवा ओढणी चाकात अडकून होणारे अपघात टळावेत, हा त्या आवरणाचा हेतू होय.

आता आपण सहाव्या कारणापाशी येतो, आणि ते कारण ऐकताना आपल्यापैकी पुष्कळांना संकोच वाटेल. ते कारण म्हणजे स्वतः प्रवासी. “लवकर चला, गाडी चुकेल,” असे म्हणणारे आपणच असतो. चालत्या गाडीवर छत्री उघडणारे, मोठी पिशवी चालक आणि आपण यांच्या मधे कोंबणारे, उलट्या बाजूने गेल्यास दोन मिनिटे वाचतील असे सुचविणारेही आपणच असतो. चालकाने नियम पाळला आणि उशीर झाला, तर भ्रमणध्वनीवर त्याला कमी गुण देऊन आपण मोकळे होतो. त्या गुणांवर त्याचे पुढचे काम अवलंबून असते, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

शिरस्त्राणाच्या बाबतीत तर प्रवाशांची अनास्था फारच जड जाते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने चालक आणि पाठीमागे बसणारा, दोघांनाही शिरस्त्राण बंधनकारक आहे. तरीही २०२२ साली देशात दुचाकीवरील जी ७४,८९७ माणसे मृत्यू पावली, त्यांपैकी ५०,०२९ जणांच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते आणि त्यांत १४,३३७ जण पाठीमागे बसलेले होते. शिरस्त्राणामुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे निरनिराळ्या देशांतील संशोधनांच्या एकत्रित आढाव्यात आढळून आले आहे. यामागील तत्त्व कोकणातील कोणत्याही मुलास ठाऊक आहे. सोडणासह असलेला नारळ उंच माडावरून पडला, तरी बहुधा फुटत नाही. सोललेला नारळ मात्र हातातून निसटला, तरी तडकतो. सोडण धक्का आपल्या अंगात जिरविते. शिरस्त्राणाच्या आतील मऊ थरही तेच काम करतो. मात्र त्यासाठी हनुवटीखालचा पट्टा बांधलेला असला पाहिजे. पट्टा सैल असेल, तर डोके आपटण्यापूर्वीच शिरस्त्राण उडून जाते.

या साऱ्या कारणांवर कायद्याचा काही उपाय नाही काय? आहे, परंतु तो उशिरा आला. महाराष्ट्रात बरीच वर्षे या व्यवसायासाठी स्वतंत्र नियमच नव्हते. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवान्याविना चालणारी अशी एक सेवा थांबविण्यास सांगितले आणि पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्या आदेशात हस्तक्षेप केला नाही. त्यानंतर २०२५ साली राज्य शासनाने विजेवर चालणाऱ्या बाइक टॅक्सींसाठी नियम केले. वाहन पिवळ्या रंगाचे असावे, दोघांनीही शिरस्त्राण घालावे, बारा वर्षांखालील मुलास बसवू नये आणि एक फेरी पंधरा किलोमीटरहून लांब नसावी, अशा अटी त्यांत होत्या. परवान्याचे महत्त्व अपघातानंतर विशेष कळते. खाजगी वापरासाठी नोंदलेल्या दुचाकीचा विमा भाड्याच्या वापरास सामान्यतः लागू होत नाही. म्हणून विनापरवाना काम करणारा चालक पडला, तर हात मोडल्याचे दुःख, बुडालेली कमाई आणि औषधाचा खर्च हे तिन्ही भार त्याच्याच घरावर येतात.

साखळीची शेवटची कडी अपघात झाल्यानंतर तयार होते. पडलेल्या माणसाभोवती गर्दी जमते. परंतु पोलिसांच्या चौकशीत अडकू, या भीतीने कोणी पुढे होत नाही. जखमीस पहिल्या तासात उपचार मिळाले, तर त्याचा जीव वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिकेची सेवा सुरू झाली आहे. जखमीस सद्भावनेने मदत करणाऱ्या माणसावर त्या मदतीबद्दल खटला भरता येणार नाही, असे संरक्षण मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घालण्यात आले. कायद्याने भीती दूर केली आहे. आता पाऊल उचलावयाचे आहे ते आपणच.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ लिहिला. त्याच्या आरंभी एका अभावातून दुसरा आणि दुसऱ्यातून तिसरा अनर्थ कसा जन्म घेतो, हे त्यांनी दाखविले आहे. शेतकऱ्याचे दारिद्र्य हे त्याचे नशीब नसून त्यास कारणे आहेत, आणि कारणे आहेत म्हणूनच उपायही आहेत, हा विचार त्यांनी लोकांपुढे ठेवला. रस्त्यावरील अपघाताकडेही त्याच दृष्टीने पाहिले पाहिजे. दैवास दोष दिला, तर करण्यासारखे काही उरत नाही. चालकास एकट्याला दोष दिला, तर इतर सर्वजण निर्दोष सुटतात. ‘का?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, तरच साखळीची एकेक कडी हाती लागते.

चालकाचा यात काहीच दोष नाही, असे कोणी समजू नये. भ्रमणध्वनीवरून नजर काढणे, वेग आवरणे आणि शिरस्त्राणावाचून प्रवासी न नेणे, ही त्याची कर्तव्ये आहेत व ती त्याने पाळलीच पाहिजेत. परंतु कर्तव्य पाळणाऱ्याचे पोट भरेल, अशी व्यवस्था निर्माण करणे हे समाजाचे कर्तव्य आहे.

आता पुन्हा त्या पावसाळी संध्याकाळकडे जाऊ. तोच रस्ता, तोच तरुण, त्याच बाई. फरक एवढाच, की तरुणाने पुढे केलेले शिरस्त्राण बाई हाती घेतात, पट्टा बांधतात आणि म्हणतात, “सावकाश चला, दादा. पाच मिनिटे उशीर झाला, तरी चालेल.” तरुण जरासा चकित होतो, दिवसभरात असे त्यास कोणी म्हणालेले नसते. पुढचे भाडे आल्याची खूण होते. पण आता कोणी घाई करीत नाही, म्हणून तो खाली पाहत नाही. पुढची रिक्षा आताही एकाएकी थांबते. ओल्या रस्त्यावर चाक आताही थोडे सरकते. परंतु वेग कमी आहे आणि मधे पुरेसे अंतर आहे; गाडी डुलते, सावरते आणि थांबते. रस्ता तसाच निसरडा होता, तरुण तसाच थकलेला होता आणि भाडेही तेवढेच होते. साखळीच्या साऱ्या कड्या काही तुटल्या नाहीत. एका वाक्याने दोन-तीन तुटल्या आणि तेवढ्याने भागले.

या अपघाताची नोंद कोठेही होत नाही, कारण तो झालाच नाही. वरच्या मजल्यावरील खिडकीत उभा असलेला मुलगा आईला फाटकातून आत येताना पाहतो. ती आज थोडी उशिरा आली, एवढेच काय ते त्याच्या ध्यानात येते.

शब्दार्थ

दिवेलागण : संध्याकाळी दिवे लावण्याची वेळ. शिरस्त्राण : डोक्याचे रक्षण करणारे टोप, हेल्मेट. दुभाजक : रस्त्याचे दोन भाग करणारा कट्टा. ढोबळ मानाने : साधारणपणे, अदमासाने. अनास्था : आस्था नसणे, बेपर्वाई. सोडण : नारळावरील तंतुमय आवरण. अनर्थ : मोठे नुकसान, संकट.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) ‘ओकाडा’ या नावात व्यवसायाचा मोह आणि धोका दोन्ही आहेत, असे लेखक का म्हणतो?
(आ) शिरस्त्राणाचे काम समजावण्यासाठी कोणता दृष्टान्त दिला आहे?
(इ) परवान्याचे महत्त्व अपघातानंतर विशेष कळते, ते कसे?

२. कल्पित प्रसंगातील अपघाताची तुम्हांस दिसलेली सर्व कारणे क्रमाने लिहा. त्यांपैकी कोणती कारणे चालकाच्या हाती होती, कोणती प्रवाशाच्या आणि कोणती इतरांच्या, ते सांगा.

३. हिशेब करा : तुमच्या घरापासून शाळेचे अंतर ताशी २० आणि ताशी ४० किलोमीटर वेगाने तोडण्यास किती मिनिटे लागतील? वाचलेली मिनिटे किती? ती मिनिटे तुम्ही कशासाठी वापराल?

४. पुढील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा : ताटकळणे, हातचे जाणे, मनात आणणे, चाहूल लागणे.

५. आपल्या वस्तीतील एका चौकात अर्धा तास सुरक्षित जागी उभे राहून निरीक्षण करा. अपघातास कारण होऊ शकतील अशा पाच गोष्टी टिपून घ्या आणि त्यांवर उपाय सुचविणारे पत्र आपल्या नगरपालिकेस अथवा ग्रामपंचायतीस लिहा.